नकाशाची फेरमांडणी आणि लहान गावचे महाविद्यालय
(निलंगा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



निलंगा तालुका जागचा हलला नाही; पण त्याचे मुख्यालय मात्र वारंवार हलले. १९५६ पूर्वी हा तालुका हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निर्माण झाल्यावर लातूरकडे गेला. उच्च शिक्षणाचीही तीच कथा. आरंभी विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. जानेवारी १९९४ मध्ये त्याचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. लातूर, नांदेड व तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये त्याला जोडली गेली.

या प्रत्येक फेरमांडणीने अंतर कमी केले, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. परंतु अंतर कमी होणे आणि वाटा वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सीमारेषा बदलताना साधनांच्या वाटपाचा नियम बदलला नाही, तर दूरच्या केंद्राची जागा जवळचे केंद्र घेते आणि परिघावरचा माणूस परिघावरच राहतो. हे तपासण्यासाठी खेळाचे क्षेत्र विशेष सोयीचे आहे. कारण तेथील हिशेब झाकता येत नाही. मैदान एक तर असते, नाही तर नसते.

निलंगा तालुक्याला गुणवत्तेची वाण कधीच नव्हती. याच तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. १९७० च्या एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि १९७२ मध्ये ते रुस्तुम-ए-हिंद ठरले. पण त्यांची कुस्ती घडली ती कोल्हापूरच्या तालमीत आणि पुढे त्यांनी मल्ल घडवले ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. माती निलंग्याची, आखाडा परगावचा. कोल्हापूरच्या तालमींना शाहू महाराजांचा राजाश्रय लाभला होता; मराठवाड्याच्या वाट्याला तसा आश्रय आला नाही. जे एका असामान्य मल्लाला परगावी जाऊन साधले, ते गावातील दहा सामान्य मुलांना साधेल असे मानणे ही आत्मवंचना होय. मुलींच्या बाबतीत तर तो मार्ग बहुतेक वेळा घराच्या उंबऱ्यातच अडतो.

महाविद्यालयीन खेळाची शिडी त्यांच्यासाठी म्हणूनच मोलाची आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांकडून क्रीडाशुल्क घेतले जाते आणि त्याचा काही भाग विद्यापीठाकडे जातो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागीय आणि पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. घर न सोडता तालुक्याच्या गावातून वर चढता येईल अशी ही एकमेव सार्वजनिक वाट आहे. आता या वाटेचीच फेरमांडणी होऊ घातली आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने महाविद्यालयांच्या संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावी असे म्हटले आहे. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने स्वायत्त महाविद्यालये आणि समूह विद्यापीठे यांची दारे उघडली. मुंबईत डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ आणि २०२१ मध्ये साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ याच मार्गाने निघाले. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय स्वायत्त झाले आहे. स्वायत्तता ही वाईट गोष्ट नव्हे. विकेंद्रीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांनी तिला विरोध करणे विसंगत ठरेल. प्रश्न एवढाच की, विद्यार्थिसंख्या, पैसा आणि नाव असलेली महाविद्यालये एकेक करून बाहेर पडली, तर मागे राहिलेल्या लहान महाविद्यालयांचा सामाईक निधी कोण भरणार आणि त्यांच्या मुलांनी खेळायचे कोणाशी?

असाच प्रकार अमेरिकेत नुकताच घडला आहे. तेथील विद्यापीठांच्या फुटबॉलचा, म्हणजे त्यांच्या हातात चेंडू घेऊन धावण्याच्या खेळाचा, व्यवहार अवाढव्य आहे. विद्यापीठे प्रदेशानुसार एकत्र येऊन स्पर्धामंडळे चालवतात. त्यांना तेथे कॉन्फरन्स म्हणतात. दूरदर्शनवरील सामन्यांच्या हक्कांवर पूर्वी एका राष्ट्रीय संस्थेचे नियंत्रण होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मक्तेदारी म्हणून रद्द केले. एका संस्थेची मक्तेदारी गेली खरी. पण तिच्या जागी समान वाटपाचा नियम आला नाही, बलिष्ठांची स्पर्धा आली. २०२२ मध्ये बिग टेन या मंडळाने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा प्रक्षेपण करार केला. त्या पैशाच्या ओढीने पश्चिम किनाऱ्यावरील पॅक-१२ हे जुने मंडळ फुटले. २०२४ पर्यंत बारांपैकी दहा विद्यापीठे निघून गेली. मागे उरली ती पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हॅलिसचे ओरेगन स्टेट. दोन्ही लहान गावांतील आणि शेतीशिक्षणाच्या परंपरेची. त्यांचे खेळाडू एका रात्रीत अपात्र झाले नव्हते. त्यांची बाजारपेठ लहान होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

या कथेचा उत्तरार्ध कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे. ही दोन विद्यापीठे न्यायालयात गेली. मंडळ सोडून जाणाऱ्याला कारभारात मत राहत नाही, असा लेखी नियम मंडळाच्या घटनेत होता. त्या नियमाच्या आधारे मंडळाचा कारभार त्यांच्या हाती आला. जाणाऱ्यांशी तडजोड झाली आणि २०२६ पासून नव्या सदस्यांसह मंडळ पुन्हा उभे करण्याचे ठरले. त्यांना तारले ते कोणाच्या औदार्याने नव्हे, तर आधी लिहून ठेवलेल्या नियमाने.

त्याच देशात याच खेळाचा दुसरा व्यवहार आहे आणि तो अधिक बोलका आहे. धंदेवाईक संघांच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये १९६१ पासून राष्ट्रीय प्रक्षेपणाचे उत्पन्न सर्व संघांत सारखे वाटले जाते. म्हणूनच सुमारे एक लाख वस्तीच्या ग्रीन बे या गावचा संघ न्यूयॉर्क-शिकागोच्या संघांना तोडीस तोड उभा राहतो. हा संघ कोणा धनिकाच्या मालकीचा नाही. तो हजारो सामान्य भागधारकांचा आहे आणि त्या भागांवर नफा वाटला जात नाही. शिक्षणसंस्थांच्या खेळात जंगलचा कायदा आणि धंदेवाल्यांच्या खेळात समान वाटप, असा हा उलटा न्याय आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरातील धनिकांनी समान वाटप स्वीकारले ते समतेच्या प्रेमाने नव्हे. तोलामोलाचे प्रतिस्पर्धी नसतील तर खेळच उरत नाही, हे त्यांना कळले होते म्हणून. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये हाच विचार शास्त्रीय भाषेत मांडला. निलंग्याच्या आखाड्यात बसणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही. पैलवान कितीही मोठा असो, जोड मिळाल्याशिवाय कुस्ती लागत नाही.

मोठी महाविद्यालये विचारतील की, लहानांचा भार आम्ही का वाहावा? त्याचे उत्तर यात आहे. तो भार नाही. ज्या स्पर्धेतून त्यांचे स्वतःचे खेळाडू घडतात, त्या स्पर्धेची ती किंमत आहे. शिवाय मोठ्या महाविद्यालयांत शिकणारी कितीतरी मुले याच तालुक्यांतून गेलेली असतात. त्यांना वाढवण्याचा खर्च गावाने केला आणि पदकावर नाव मात्र शहराचे लागले, हा हिशेबही कधीतरी मांडला पाहिजे.

मागण्या भावनेवर नव्हे, नियमांवर बेतल्या पाहिजेत. पहिली, महाविद्यालय स्वायत्त होवो वा समूह विद्यापीठात जावो, त्याच्या क्रीडाशुल्काचा निश्चित भाग त्या प्रदेशाच्या सामाईक निधीत गेला पाहिजे आणि त्याचे वाटप विद्यार्थिसंख्येबरोबरच साधनांची उणीव पाहूनही झाले पाहिजे. दुसरी, बाहेर पडलेल्या व मागे राहिलेल्या महाविद्यालयांच्या स्पर्धा एकत्रच झाल्या पाहिजेत. तिसरी, स्पर्धांचे यजमानपद तालुक्यांच्या गावी आळीपाळीने फिरले पाहिजे. कारण स्पर्धा आली की मैदान सुधारते आणि मुलींना खेळताना गाव पाहते. चौथी, शारीरिक शिक्षण संचालकाचे पद कोठेही रिकामे राहता कामा नये.

हे नियम ठरतात ते विद्यापीठाच्या अधिकार मंडळांत. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. पण गावोगावचे पदवीधर नावच नोंदवत नाहीत आणि मग त्या जागा संस्थाचालकांच्या सोयीने भरल्या जातात. निलंगा, औराद, कासारशिरसी येथील प्रत्येक पदवीधराचे नाव त्या यादीत घालणे हे काम मोर्चाइतके गाजणार नाही. पण ते मोर्चाइतकेच निकडीचे आहे. १९५६ आणि १९८२ च्या रेषा निलंग्याला विचारून आखल्या गेल्या नव्हत्या. पुढची रेषा आखली जाईल तेव्हा तालुक्याचे मत कागदावर असले पाहिजे, आणि त्याची सुरुवात पदवीधरांच्या नोंदणीपासून होते.