युनिटचा कागद



मी सातवी शिकलेली. पण घरचे कागद मीच सांभाळते, म्हणून हे चार शब्द. १९६४ साली युनिट ट्रस्ट निघाला, तेव्हा दहा रुपयांचे युनिट म्हणजे बँकेतली ठेवच, असे पुष्कळांना वाटे. जुलै २००१ मध्ये यूएस-६४ ची विक्री आणि परतखरेदी थांबली, तेव्हा कळले की ठेव निराळी नि फंड निराळा. म्हणून पुढच्या वर्षी लग्नाला लागणारे पैसे शेअरांच्या फंडात घालू नयेत.

दर खेपेला नवा फोलिओ कशाला? जुनाच नंबर द्यावा. २०१३ पासून ‘डायरेक्ट’ योजना आहे. तीत मध्यस्थाचे कमिशन वाचते, मात्र धावपळ आपली!

आता मुख्य गोष्ट. भाईंदर पश्चिमेच्याच माझ्या एका शेजारणीचे यजमान वारले. खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी कोणी नाही. दाखल्यांसाठी बिचारीने सात महिने हेलपाटे घातले; मुलाची फी उसनवारीवर भरली. तेव्हा नॉमिनी लावाच, आणि जमल्यास ‘दोघांपैकी कोणीही’ असे जोडखाते ठेवा. विसरलेले फोलिओ शोधायला सेबीच्या सांगण्यावरून २०२५ साली ‘मित्र’ ही सोय झाली आहे. कपाटातले जुने कागद आज बाहेर काढा. बारीक अक्षर लागत नसेल तर दुपारी माझ्याकडे या, चष्मा आहे.