पैसे गेले, काम किती झालं?



वसंत व्याख्यानमालेसाठी हिशेबाचा विषय रुक्ष वाटेल, पण या गावाला तो परका नाही. उंब्रज तारळी आणि कृष्णेच्या संगमावर वसलंय. वर पाटण तालुक्यात तारळीचं धरण, खाली कराडच्या पुढे टेंभूची उपसा योजना, आणि दारातून जाणारा, सहापदरी होत असलेला महामार्ग. सार्वजनिक पैशाची एवढी मोठी कामं क्वचितच एखाद्या गावाच्या इतकी जवळ असतात. तरी त्यांचा खर्च आपल्याला कळतो तो फक्त बातमीतल्या एका आकड्याने.

टेंभूचंच पाहा. १९९६ साली योजनेला प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा किंमत सुमारे १,४१६ कोटी होती. पुढे एकामागून एक सुधारित प्रशासकीय मान्यता आल्या. खात्यात त्यांना ‘सुप्रमा’ म्हणतात. २०२४ च्या सुरुवातीला चौथी सुप्रमा झाली ती ७,३७० कोटींची. पाचपटीहून जास्त. हे ऐकलं की पारावर निकाल लगेच लागतो. मला तो घाईचा वाटतो. कारण याच काळात योजनेचं लाभक्षेत्र ८०,४७२ हेक्टरवरून १,२१,४७५ हेक्टरवर गेलं आणि आठ टीएमसी वाढीव पाणी मिळालं. म्हणजे वाढलेल्या रकमेतला काही भाग नव्या कामाचा आहे. काही भाग अठ्ठावीस वर्षांच्या महागाईचा, काही भूसंपादनाचा. २०१३ च्या कायद्यानंतर जमिनीचा मोबदला वाढला आणि तो वाढायलाच हवा होता. आणि काही भाग निव्वळ उशिराचा. यातला कुठला किती, हे नागरिकाला एका नजरेत दिसत नाही. माझं सगळं म्हणणं याच मुद्द्याभोवती आहे.

उशीर का झाला, तेही सांगायला हवं. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलं आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल असं ठरवलं. त्याआधी आपला वाटा अडवायचा, म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, रोखे काढले गेले आणि कितीतरी प्रकल्प एकदम सुरू झाले. हेतू रास्त होता. पण एका मोटारीचं पाणी सगळ्या सऱ्यांना एकदम सोडलं, तर शेवटच्या सरीला ओल पोचत नाही. पैशाचंही तसंच झालं. अर्धवट कामांची किंमत दरवर्षीच्या दरसूचीबरोबर चढत राहिली.

आता मोठ्या कामांचं वेळापत्रक संगणकावर असतं. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरपैकी प्रिमाव्हेरा १९८३ चं, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट १९८४ चं. त्यामागची पद्धत त्याहून जुनी. १९५७-५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ तयार केलं आणि १९६७ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने ठेकेदारांना केलेल्या कामाची किंमत मोजण्याचे निकष लावले. ‘अर्न्ड व्हॅल्यू’ म्हणतात ती हीच गोष्ट.

उदाहरण घेऊ, कल्पनेतलं. दहा किलोमीटर बंद नलिका, दहा कोटी, दहा महिने. पाच महिने झाले. खर्च चार कोटी. अहवालात लिहिलं जातं: पाच कोटी अपेक्षित होते, चारच लागले, एक कोटी वाचले. ऐकायला छान. पण नळ टाकलाय तीनच किलोमीटर. म्हणजे कामाची किंमत तीन कोटी आणि त्यासाठी मोजले चार. याच चालीने गेलं तर दहा किलोमीटरला सव्वातेरा कोटींहून जास्त लागतील. बचत दिसत होती तिथे तूट निघाली आणि ती पाचव्या महिन्यातच कळली. नवव्या महिन्यात कळून काय उपयोग?

सॉफ्टवेअर हे क्षणात काढून देतं, पण त्यात भरलं जातं ते खरं असेल तरच. इथे आपल्या पद्धतीतल्या अडचणी आहेत. काम झालेलं जानेवारीत, मोजमाप पुस्तकात नोंद फेब्रुवारीत, देयक ३१ मार्चच्या गर्दीत. आलेखात मार्चला डोंगर उभा राहतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, काम मार्चमध्येच झालं. खर्चाची नोंद काम झालं त्या तारखेला हवी, धनादेश निघाला त्या तारखेला नव्हे. दुसरं, नळ येऊन रस्त्याकडेला रचले की त्यांचे पैसे खर्चात दिसतात, पण जमिनीत ते गेलेले नसतात. तिसरं, कॅलेंडर. जून ते सप्टेंबर आपल्याकडे खोदाई चालत नाही आणि गळीत हंगामात ट्रॅक्टर उसाकडे जातात. वेळापत्रकात हे महिने कामाचे धरले, तर ते पहिल्या दिवसापासूनच खोटं.

उपसा योजनेत आणखी एक फसगत असते. पंपगृह आणि ऊर्ध्वगामी नलिका ही महागडी कामं आधी होतात. सत्तर टक्के खर्च, सत्तर टक्के प्रगती, असं लिहिलं जातं आणि आटपाडीच्या शिवारात पाणी नसतं, कारण शेवटची वितरिका राहिलेली असते. म्हणून प्रगतीचं एक माप रुपयांत असो, पण दुसरं भिजलेल्या हेक्टरांत हवंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ आराखडा. सॉफ्टवेअरमध्ये त्याला ‘बेसलाइन’ म्हणतात. एकदा गोठवायची आणि पुसायची नाही. सुप्रमा झाली की नवी बेसलाइन जरूर घ्या, पण जुनी शेजारी दिसू द्या. सिडनीचं ऑपेरा हाऊस ७० लाख डॉलरचं ठरलं होतं, १९७३ मध्ये उघडलं तोवर १० कोटी २० लाख झाले. आज हे जगाला ठाऊक आहे, कारण पहिला आकडा कुणी झाकला नाही. आपल्याकडे चौथ्या सुप्रमेनंतर पहिली किंमत शोधायला जुन्या शासननिर्णयांचे गठ्ठे उपसावे लागतात, आणि हे मला मनापासून खटकतं. टेंभू हे आगरकरांचं जन्मगाव. विचारल्याशिवाय काही मान्य करू नका, हे त्या माणसाने जन्मभर सांगितलं.

मागणी अवघड नाही. कामाच्या जागी फलक लावलेला असतोच. त्यावर रक्कम, ठेकेदार, मुदत असते. त्यातच चार ओळी वाढवा: मूळ किंमत, आजची किंमत, आजवर झालेल्या कामाची किंमत आणि फरकाचं कारण. दर तीन महिन्यांनी रंगवा. माहिती अधिकाराच्या कायद्यातलं चौथं कलम अशी माहिती आपणहून जाहीर करायला सांगतंच. तारळीच्या एखाद्या वितरिकेपासून सुरुवात होऊ शकते; येत्या ग्रामसभेत तेवढा ठराव मांडा, आकडे कसे वाचायचे ते समजावून द्यायला मी येईन.