जठरव्रणाच्या उपचारानंतर



औषधाने जठरव्रणाची वेदना लवकर शमते आणि रुग्ण स्वतःस बरा समजून अठाईचा संकल्प करतो. वेदना गेली म्हणजे रोग गेला, असे नव्हे. व्रणाचे प्रमुख कारण असलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधणाऱ्या मार्शल व वॉरन यांना 2005 चे नोबेल पारितोषिक लाभले. तो नष्ट झाला का, हे प्रतिजैविके संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी, आम्लरोधक गोळी वैद्यकीय सल्ल्याने 2 आठवडे थांबवून, श्वासाच्या वा शौचाच्या तपासणीने कळते. रक्ततपासणी येथे निरुपयोगी. जंतू गेल्यावरही ती दीर्घकाळ होकारार्थी येते. व्रण जठरातच असल्यास, कर्करोग नाही ना, हे पाहण्यासाठी बहुधा पुन्हा दुर्बीण तपासणी लागते.

पच्चक्खाण त्यानंतरच घ्यावे, तेही डॉक्टरांना विचारून. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात तीर्थंकर नामकर्माच्या कारणांत शक्तीनुसार तप सांगितले आहे. 'शक्तीनुसार' हा शब्द आपण सोयीने विसरतो!

गुडघेदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असल्यास मात्र ती स्वतःहून थांबवू नये. शौच डांबरासारखे काळे झाल्यास तो रक्तस्राव असू शकतो. उमरखेडहून यवतमाळ दूर आहे. तेव्हा सकाळची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे.