गुरू शिलालेखात भेटला



आज बक्षीस मिळालेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. हस्ताक्षर स्पर्धेतले तुमचे कागद मी आल्या आल्या फलकावर पाहिले. त्यामुळे बोलणार आहे तेही अक्षरांबद्दलच.

मी चिनी सुलेखन शिकते आहे. सुरुवात केली तेव्हा चिनी भाषा येत नव्हती आणि माझ्या गावात शिकवणारंही कोणी नव्हतं. तरीही मी गुरूशिवाय शिकले, असं म्हणणार नाही. माझ्या गुरूंचा जन्म इसवी सन ७०९ मधला. त्यांचं नाव यान जेनछिंग.

तांग राजवटीतले ते मोठे अधिकारी आणि श्रेष्ठ सुलेखनकार. चीनमध्ये आजही कितीतरी मुलं त्यांच्या अक्षरांवर हात बसवतात. ७७९ मध्ये, सत्तरीला आलेले असताना, त्यांनी आपल्या पणजोबांच्या स्मरणार्थ एक लेख लिहिला आणि तो शिळेवर कोरला गेला. पुढे ती शिळा नाहीशी झाली. १९२२ मध्ये ती शिआन शहरात पुन्हा सापडली आणि आज तिथल्या शिलालेखांच्या संग्रहालयात उभी आहे. अशा शिळेवर ओला पातळ कागद बसवतात आणि वरून शाईची पुरचुंडी हलके थोपटतात. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटतात. त्या ठशांची पुस्तकं छापून मिळतात. माझी शाळा त्या पुस्तकात भरते.

कुंचला उभा धरायचा, मनगट मोकळं ठेवायचं. आडवी रेघ दिसायला अगदी सोपी. पण कुंचल्याचं टोक आधी किंचित डावीकडे जातं, दाब घेऊन वळतं, मग उजवीकडे निघतं. मध्ये दाब हलका होतो. शेवटी टोक थांबतं, पुन्हा दाबलं जातं आणि आल्या वाटेने थोडं मागे फिरतं. एका रेघेत एवढं सगळं! आनहुई प्रांतात होणारा शुआन कागद शाई क्षणात पितो. हात रेंगाळला की तिथे डाग पसरतो. ओढलेल्या रेघेवर पुन्हा कुंचला फिरवायचा नाही, हा कडक दंडक. शिवाय रेघांचा क्रमही ठरलेला असतो: साधारणपणे वरची आधी, खालची नंतर, डावी आधी, उजवी नंतर. म्हणून लिहिलेल्या अक्षरात लिहिणाऱ्या हाताची सगळी वाटचाल शिल्लक राहते. त्याने कुठे वेग घेतला, कुठे दम घेतला, हे आपल्याला साडेबाराशे वर्षांनंतरही वाचता येतं. गुरू शिकवत असतात ते असं.

सरावाच्या दोन रीती आहेत. पहिलीत नमुन्यावर पातळ कागद ठेवून अक्षर गिरवायचं, आपल्याकडे कित्ता गिरवत तसं. दुसरीत नमुना शेजारी ठेवून पाहून लिहायचं. सरावाच्या कागदावर चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत आडवी, उभी आणि दोन तिरप्या रेघा. त्यांच्या आधाराने रेघ कुठून निघाली, किती झुकली, हे ताडता येतं. खरी मेहनत डोळ्यांची असते. डोळ्यांना जे दिसलं नाही, ते हातातून येत नाही.

परक्या देशातून शिकणाऱ्याने एक पथ्य पाळावं. ही अक्षरं नक्षी म्हणून उतरवू नयेत. प्रत्येकाचा उच्चार आणि अर्थ जाणून घ्यावा. ती कोणाची तरी रोजची भाषा आहे. तिचा मान राखूनच तिच्या अंगणात पाऊल टाकावं.

तुमच्यापैकी कोणी विचारेल, दुसऱ्याचं गिरवत बसलं तर आपलं स्वतःचं काय उरणार? याचंही उत्तर यान जेनछिंग यांच्याकडेच आहे. ७५५ मध्ये आन लुशान या सेनापतीने बंड केलं. त्या धामधुमीत यान यांचा तरुण पुतण्या मारला गेला. ७५८ मध्ये त्यांनी त्याच्यासाठी शोकलेखाचा कच्चा मसुदा लिहिला. तो आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. त्यात शब्द खोडले आहेत, ओळी वाकल्या आहेत, शाई संपत आली तरी कुंचला पुढे धावतो आहे. अक्षर सुंदर काढावं, हा विचारही तेव्हा त्यांच्या मनात नसणार. तरीही चिनी सुलेखनातल्या सर्वोच्च कृतींमध्ये त्या मसुद्याची गणना होते. आयुष्यभराच्या शिस्तीने हात इतका तयार झाला होता, की दुःख थेट कागदावर उतरलं. स्वतःचं असं जे असतं, ते या वाटेने येतं. सराव त्याला पुसत नाही, त्याला वाट करून देतो.

तुमच्यातल्या कित्येकांच्या गावात आवडीच्या विषयाचा वर्ग नसेल. ही अडचण खरी आहे आणि ती दूर करणं आम्हा मोठ्यांचं काम आहे. पण तोवर थांबू नका. गाणं असो, चित्र असो, गणित असो, त्यातलं उत्तमातलं उत्तम काम शोधा आणि त्यातलं एकच निवडा. ते कसं घडलं असेल, हे उलगडेपर्यंत त्याच्यासमोर बसा. वार्षिक परीक्षा संपली की सुट्टीत हे करून बघा आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर जे हाती लागलं, ते तुमच्या शिक्षकांना दाखवा. त्यांच्या सूचना ऐकून पुन्हा बसा.