बांधावरची रुई आणि ग्रामसभेचा ठराव



वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला तुम्ही, जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या सरपंच, ग्रामसेवक, नगरसेवक आणि शिक्षकांनी, या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत. थेट विषयावर येतो. पाऊस तोंडावर आहे, आणि मी जे मागणार आहे ते पावसाआधी ठरलेलं बरं.

परागीकरण म्हणजे काय, हे जालना जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको ही बियाणं कंपनी सुरू केली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना म्हणजे बियाणं, ही ओळख देशभर झाली. पण या बियाण्यामागे हात कुणाचे होते? संकरित कापसाचं बी तयार करायचं तर आदल्या दिवशी मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग त्या कळीला लावायचा. एकेक फूल, एकेक कळी. आज शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोवर हेच काम चालतं आणि आपल्या आयाबहिणी त्याला सरळ 'क्रॉसिंग' म्हणतात. क्रॉसिंगला बाया मिळाल्या नाहीत तर प्लॉट हातचा जातो. म्हणजे एका फुलातला पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेण्याची किंमत रुपयांत सांगू शकणारी माणसं आपल्या गावोगावी आहेत. अशी माणसं देशात फार थोड्या जिल्ह्यांत सापडतील.

शेडनेटच्या बाहेर हेच काम माश्या, भुंगे आणि फुलपाखरं करतात. गोट कांदा लावून बी काढणाऱ्याला विचारा, डेंगळ्यांवर माशी फिरली नाही तर बी किती भरतं ते. सूर्यफुलाचं तर सगळ्यांना माहीत आहे. फुलोऱ्यात असताना हाताला मऊ फडकं गुंडाळून सकाळी फुलांवरून हलकेच फिरवा, असा सल्ला कृषी खातं देतं. माशी नसेल तिथं माणसानं माशीचं काम करावं, असाच त्याचा अर्थ. तुरीवर पानं कातरणाऱ्या माश्या येतात, कारल्या-भोपळ्यावर मधमाश्या येतात. या मजुरांचा हिशेब ग्रामपंचायतीच्या कुठल्याच वहीत नाही, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

असा हिशेब ठेवला नाही तर काय होतं, ते अमेरिकेकडं पाहून कळतं. तिथं मोनार्क नावाचं फुलपाखरू आहे. नारिंगी पंख, काळ्या शिरा. दर हिवाळ्यात ते कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातून हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोच्या डोंगरांतल्या जंगलात जातं. त्याच्या अळ्या मिल्कवीड या एकाच गटातल्या झाडांवर वाढतात. मका-सोयाबीनच्या पट्ट्यात तणनाशकं आली आणि शेतातलं, कडेचं मिल्कवीड संपत गेलं. मोनार्कची संख्या इतकी घटली, की 2022 साली जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेनं त्याच्या स्थलांतर करणाऱ्या प्रकाराचं नाव धोक्यातल्या जीवांच्या यादीत घातलं. तिथली शहरं मात्र त्याच्या आधीच जागी झाली होती. 2014 मध्ये सेंट लुईस शहराच्या महापौरांनी गावभर मिल्कवीड लावण्याची मोहीम काढली. 2015 पासून नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशननं महापौरांकडून प्रतिज्ञाच घ्यायला सुरुवात केली: सार्वजनिक जागेत मिल्कवीड लावू, रस्त्याकडेचं गवत कापण्याचं वेळापत्रक बदलू, अंगणात असं झाड वाढलं तर दंड करणारे जुने नियम दुरुस्त करू. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. झाड कुणीही लावतं. नियम बदलायला मात्र नगरपालिकाच लागते.

मोनार्क आपल्याकडे नाही, पण त्याचा सख्खा भाऊबंद आपल्या बांधावर रोज दिसतो. प्लेन टायगर. तोच नारिंगी रंग, तीच काळी किनार, शास्त्रात दोघांचं कुळ आणि प्रजाती एकच. त्याची मादी अंडी घालते रुईवर, आणि रुई ही मिल्कवीडच्याच घराण्यातली. रुईच्या चिकात विष असतं. अळी पान खाते, ते विष अंगात साठवते, पुढं फुलपाखरू झाल्यावरही ते अंगात राहतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. हे पाहून दुसऱ्या एका जातीच्या माद्यांनी हुबेहूब याच रंगाचे पंख धारण केले आहेत. त्यांच्या अंगात विष नसतं, तरी पक्षी फसतात. त्या माद्यांच्या अळ्या वाढतात घोळीवर, आपण जिची भाजी करतो त्या घोळीवर! रुईच्या जांभळट फुलांवर मोठा काळा भुंगा घोंगावताना सगळ्यांनी पाहिलं असेल. रुईचं परागीकरण तो करतो आणि जाता-येता शेतातल्या फुलांचंही करतो.

प्लेन टायगर आज दुर्मीळ नाही, हे मी स्पष्ट सांगतो. खोटी भीती घालून मला काही मिळवायचं नाही. पण मोनार्कही एकेकाळी दुर्मीळ नव्हता. शनिवारी मारुतीला माळ घालायला रुईची पानं लागतात म्हणून देवळामागं एखादं झुडूप उभं राहतं. बाकी ठिकाणी काय होतं? सफाईची मोहीम निघाली की पहिली कुऱ्हाड रुईवर, तरवडावर, टाकळ्यावर. बांध मजुरांनी खुरपण्याऐवजी आता त्यावर तणनाशक मारलं जातं. शाळेच्या आवारात, स्मशानभूमीत, गायरानात जे आपोआप उगवतं त्याला आपण घाण समजतो, ते काढतो आणि तिथं शोभेचं झुडूप लावतो, ज्याचं पान इथल्या बहुतेक अळ्यांना खाता येत नाही.

2015 साली महाराष्ट्रानं ब्ल्यू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. चांगलं झालं. पण ते मुख्यतः सह्याद्रीकडचं फुलपाखरू. आपल्या कोरडवाहू जिल्ह्याची फुलपाखरं रुईची, तरवडाची, बोरीची, एरंडाची आहेत, आणि त्यांचा सांभाळ मंत्रालयातून होणार नाही.

तो कुणी करायचा, हे कायद्यात लिहिलेलं आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या 41 व्या कलमानं प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायला सांगितलं. लोक जैवविविधता नोंदवही हे तिचं पहिलं काम. राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, तेव्हा राज्यभर या नोंदवह्या घाईघाईनं झाल्या. अशी वही तुमच्याही दप्तरात असेल तर ती कपाटातून काढा. गावच्या म्हाताऱ्या माणसांना, गुराख्यांना, मोहोळ काढणाऱ्यांना समोर बसवून ती पुन्हा भरा: कोणतं झाड कुठं आहे, कधी फुलतं, त्यावर कोण येतं. शिक्षक मित्रहो, हे काम तुमची मुलं एका पावसाळ्यात करतील.

आता अंबड, घनसावंगी, बदनापूरचे बागायतदार मनात म्हणत असतील, गुरुजी, फुलपाखरू आमची मोसंबी खातं त्याचं काय? आक्षेप खरा आहे. लिंबू फुलपाखराची अळी मोसंबीची कोवळी पानं फस्त करते. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. रोपवाटिकेत आणि नव्या लागवडीत ती नुकसान करते, तिथं हातानं वेचून काढावी. भरल्या वयाच्या झाडाला मात्र थोड्या पानांनी काही होत नाही. तिच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही बागेत असतातच, आणि सरसकट फवारणीनं आधी त्या मरतात. फवारणी बंद करा असं मी म्हणत नाही. फुलोऱ्यात टाळा, करावीच लागली तर माश्या परतल्यावर, दिवस मावळताना करा. शेजारधर्मानं फवारणीची वेळ सांभाळणं आपल्याला नवं नाही. 2018 मध्ये जालन्यात रेशीम कोषांचा बाजार सुरू झाला. तुतीच्या शेजारी औषध मारलं की शेजाऱ्याच्या अळ्या मरतात, हे ठाऊक असलेला शेतकरी आधी विचारून फवारतो. तेवढाच विचार मोहोळाचा करायचा आहे.

मोहोळाचंही सांगतो. पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या सज्ज्याखाली आग्या मोहोळ बसलं की ते जाळून टाकायची मागणी होते. मुलांच्या जिवाची काळजी रास्त आहे, आणि वर्दळीच्या जागेवरचं मोहोळ हलवावंच लागतं. पण जाळणं हा पहिला उपाय असू नये. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं. मधमाशीवर घरसंसार चालतो हे त्या गावानं दाखवलं. आपल्याकडे तेवढं जंगल नाही, पण मोहोळ न जाळता उतरवणारी दोन माणसं प्रत्येक तालुक्यात प्रशिक्षित करणं जिल्हा परिषदेला जड नाही. 2023 पासून जालना शहराला महानगरपालिका आहे. तिनं याची सुरुवात करावी.

फुलपाखरू उद्यानासाठी निधी मिळावा, असे अर्ज माझ्याकडे दाखवायला आणले जातात. कारंजं, फरशी, सिमेंटचं मोठं फुलपाखरू. त्या पैशात सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून बहावा, करंज, बेल, तरवड मागवा आणि रोजगार हमीतून गायरानाच्या कडेला लावा. उरलेली जागा जशी आहे तशी राहू द्या.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायचा ठराव मी लिहून आणला आहे. गावच्या सार्वजनिक जागेत, रस्त्याकडेला आणि स्मशानभूमीत तणनाशक वापरायचं नाही. गायरानाचा निदान चौथा हिस्सा दिवाळीपर्यंत कापायचा नाही. वाट अडत नसेल तिथली रुई, तरवड आणि बोर तोडायची नाही. मोहोळ जाळण्याआधी जैवविविधता समितीला विचारायचं. प्रती दाराशी ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक सरपंचानं एक न्यावी, आपल्या गावाला न लागू होणारं खोडावं, राहिलेलं घालावं, आणि मंजूर झालेला ठराव पंचायत समितीकडे पाठवावा. पावसाळा संपल्यावर मला गावात बोलवा. झाडं ओळखायला मी येईन.