सार्वजनिक रुग्णालये आणि स्वदेशी उपकरणांची कसोटी



सरकारी रुग्णालयाच्या दारात उभा राहणारा रुग्ण यंत्र कोणत्या देशात तयार झाले हे विचारीत नाही. ते चालू आहे का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. स्वदेशी वैद्यकीय उपकरणांच्या खरेदीचा विचारही त्या रुग्णाच्या खाटेपासूनच सुरू व्हावयास हवा.

वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत भारत आजही मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे. हे परावलंबन घटावे म्हणून केंद्र सरकारने 2017 मध्ये सार्वजनिक खरेदीत देशी उत्पादनास प्राधान्य देणारा आदेश काढला. देशी यंत्राचे सुटे भाग व तंत्रज्ञ जवळ मिळू शकतात, हा त्याचा मोठा लाभ होय. परंतु प्राधान्य म्हणजे गुणवत्तेत सवलत नव्हे.

मे 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठापुढे देशी बनावटीच्या व्हेंटिलेटरांचा प्रश्न आला. वापरात आणलेली 113 यंत्रे सदोष असल्याचे सांगण्यात आले, तर दुसऱ्या बाजूने हाताळणी व रुग्णालयातील सोयींकडे बोट दाखविले गेले. दोष कोणाचाही असो, यंत्र स्वीकारतानाच काटेकोर चाचणी झाली असती, तर असा वाद रुग्णाच्या उशाशी पोहोचला नसता.

याउलट तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेचे उदाहरण पाहावे. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथे कृत्रिम हृदयझडप विकसित झाली. आधीचे नमुने चाचण्यांत टिकले नाहीत, तेव्हा ते निग्रहाने बाजूला ठेवले गेले. वर्षानुवर्षांच्या परिश्रमांनंतर 6 डिसेंबर 1990 रोजी ती झडप प्रथमच रुग्णाच्या हृदयात बसविली गेली. स्वदेशीला प्रतिष्ठा मिळाली ती या संयमामुळे.

कायद्याची चौकटही आता उभी आहे. वैद्यकीय उपकरण नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. अधिक धोक्याच्या 'सी' व 'डी' वर्गांतील उपकरणांना 1 ऑक्टोबर 2023 पासून परवाना आवश्यक झाला. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2015 पासून सुरू आहे. रुग्णालयांनी त्यात तक्रार नोंदविण्यास संकोच करू नये.

तथापि परवाना ही केवळ पहिली पायरी होय. केंद्राने 2015 च्या सुमारास हाती घेतलेल्या पाहणीत निरनिराळ्या राज्यांत 13 ते 34 टक्के उपकरणे बंद आढळली होती. म्हणून निविदेत केवळ सर्वांत कमी किंमत न पाहता यंत्राच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च पाहावा. वीज, भूसंपर्कन व प्राणवायूचा दाब आधी तपासावा. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, ठरावीक काळाने अचूकतेची तपासणी आणि दुरुस्तीची मुदत करारात लिहून घ्यावी. देयकाचा काही भाग यंत्र समाधानकारक चालल्यानंतरच अदा करावा.

हीच दृष्टी दानशूर संस्थांनीही बाळगावी. रुग्णालयास डायलिसिस यंत्र अर्पण करताना पुढील पाच वर्षांच्या देखभालीची तरतूदही त्या दानातच असावी. उद्घाटनाची फीत एकदाच कापली जाते, यंत्राला मात्र रोज चालावे लागते. दात्याचे नाव कोरलेली पाटी भिंतीवर झळकत असताना तिच्याखालचे यंत्र बंद पडलेले असेल, तर त्या दानाचे सार्थक झाले असे कसे म्हणावे?

स्वदेशीचा अभिमान आणि गुणवत्तेचा आग्रह ही एकाच रथाची दोन चाके आहेत. दोन्ही सारखी फिरली, तरच रथ रुग्णाच्या दारापर्यंत पोहोचेल.