बांधाआडून दुर्बीण

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता रानपाखरे टिपायची ती केवळ नजरेने.

भिवंडीजवळच्या खाडीकाठी, कापणी झालेल्या भातखाचरांत आडोसा म्हणजे फार तर गुडघाभर बांध. त्यामुळे उभा माणूस आकाशरेषेवर, म्हणजे जमीन आणि आकाश जिथे मिळालेले दिसतात तिथे, उठून दिसतो आणि बगळे उडतात.

म्हणून बांधाआड बसावे, सूर्य पाठीशी ठेवावा,
आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल हेरावी,
आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी न्यावी.

दुर्बिणीवरच्या ‘8 गुणिले 42’ मधील आठ म्हणजे वर्धन. ते वाढले की हाताचा कंपही मोठा दिसतो.

पुन्हा तेच: आकाशरेषेवर येऊ नये.

आणि आधी हालचाल हेरावी: चिखलाच्याच रंगाचा तुतवार पक्षी शेपटी सतत खालीवर करतो आणि तेवढ्यावरूनच सापडतो.